टांडावरचा भात आणि मुळांतली बुरशी : प्रस्तावना

झारखंडमधल्या हजारीबागच्या पठारावर शेताची ओळख त्याच्या उंचीवरून पटते. पाणी धरून ठेवणाऱ्या सखल खाचरांना तिकडे ‘दोन’ म्हणतात आणि उंचवट्यावरच्या, पाण्याला थारा न देणाऱ्या तांबड्या रानाला ‘टांड’. भात दोन्हीकडे पिकतो. मात्र टांडावर पाणी कोंडून ठेवत नाहीत, चिखलणी नसते, लावणीही नसते. जूनच्या पावसाने वाफसा आला की बी थेट जमिनीत जाते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पीक घरी येते. ‘गोडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या जुन्या जाती असोत की १९९०च्या दशकात आलेली ‘वंदना’, सगळ्यांचा शेतातला मुक्काम साधारण तीन महिन्यांचा. पुढचे आठ-नऊ महिने बरेचसे टांड उघडे पडून असते. या प्रस्तावनेत जे सांगायचे आहे ते याच हिशेबाभोवती फिरणार आहे : तीन महिने पीक आणि आठ-नऊ महिने पड.

मराठी वाचकाला हा भात अगदीच परका नाही. सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्यात, कोल्हापूरच्या शाहूवाडीत रोहिणी नक्षत्राच्या सुमारास कोरड्या, भुसभुशीत मातीत कुरीने भात पेरतात. त्या धूळवाफ पेरणीच्या बातम्या दर मे महिन्यात वर्तमानपत्रांत येतात. विदर्भाच्या धानपट्ट्यात आवत्या आहे, मराठवाड्यात पेरसाळ आहे. कोकणातल्या वरकस उतारांवर भातापेक्षा नाचणी-वरीचा मान मोठा, पण माती टांडाच्याच जातकुळीची : तांबडी, आम्ल, लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेली. तेव्हा हजारीबागची गोष्ट आपण परक्या मुलखातली म्हणून वाचू नये, आणि आपलीच म्हणून डोळे मिटून उचलूही नये.

या मातीचे दुखणे स्फुरदाचे. स्फुरद तिच्यात नसतो असे नाही. असतो, पण लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांना घट्ट चिकटून बसलेला. मातीतल्या पाण्यात विरघळलेला, म्हणजे मुळाला घेता येईल असा स्फुरद कोणत्याही क्षणी अत्यल्प. शिवाय नत्र जसा पाण्याबरोबर वाहत मुळापाशी येतो तसा स्फुरद येत नाही. तो फार हळू सरकतो. मूळ आपल्याभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा उपसून रिकामा करते आणि मग पलीकडे स्फुरद असूनही उपाशी राहते. खाचरात पाणी तुंबले की रसायन बदलते. ऑक्सिजन संपतो, लोहाचे रूप पालटते आणि त्याने धरून ठेवलेला स्फुरद काही प्रमाणात सुटा होतो. टांडाच्या भाताला ही सवलत नाही. त्याला स्फुरद हवा असेल तर कोणीतरी त्या रिकाम्या पट्ट्याच्या पलीकडे जाऊन आणला पाहिजे.

हे काम करणारी बुरशी मुळातच राहते. तिला आज विज्ञानात अर्बस्क्युलर मायकोरायझा म्हणतात. जुन्या पुस्तकांत आणि अजूनही कृषी सेवा केंद्रांच्या फळ्यांवर ‘व्हॅम’ हे नाव दिसते. तिचे तंतू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असतात, त्यामुळे भाताच्या मुळाला जिथे शिरताच येत नाही त्या मातीच्या फटींत ते शिरतात आणि काही सेंटिमीटर दूर जाऊन स्फुरद घेऊन येतात. इथे एक खुलासा लागलीच करतो, कारण जाहिरातींनी फार घोळ घातला आहे. ही बुरशी खडकातला किंवा मातीत जखडलेला स्फुरद मोठ्या प्रमाणावर विरघळवून देत नाही. ते काम काही जिवाणूंचे. ही बुरशी जो विरघळलेला आहे तोच, पण लांबून आणि लवकर, गोळा करते. पुरुलियाचे रॉक फॉस्फेट आम्ल जमिनीत हळूहळू विरघळते आणि मग बुरशी ते उचलते, हे खरे. बुरशीने दगड फोडला, हे खरे नाही.

या विषयात नव्याने येणाऱ्याने पुस्तकाआधी मूळ पाहावे, असे माझे मत आहे. भाताचे मूळ पातळ असते, धुऊन क्षारात उकळले की काचेसारखे पारदर्शक होते आणि रंग चांगला धरते. सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसतो तो मुळाच्या बाहेरून आलेला, आडव्या भिंती नसलेला जाडसर निळा तंतू. मुळाच्या त्वचेला टेकतो तिथे तो किंचित पसरट होतो आणि तिथूनच आत उतरतो. आत गेल्यावर पेशींच्या मधून मुळाच्या लांबीला समांतर धावतो, आणि मग एकेका पेशीत शिरून इतक्या फांद्या फोडतो की पेशी गच्च भरून जाते. हे अर्बस्क्युल. फ्रेंच संशोधक गॅलो यांनी १९०५ मध्ये त्याला हे नाव दिले. जवळपास कुठे तेलाच्या थेंबांनी भरलेल्या लंबगोल पिशव्या दिसतात. ती बुरशीची साठवण. एक गोष्ट मात्र नवखा माणूस हमखास चुकवतो : भाताच्या सगळ्या मुळांत हे दिसत नाही. जाडसर उपमुळे भरलेली असतात आणि अगदी बारीक उपमुळे कोरी राहतात. नमुना घेताना नुसती बारीक मुळे उचलली, तर बुरशी नाहीच असा निष्कर्ष निघतो.

अर्बस्क्युल पेशीची भिंत ओलांडतो, पेशीचे पटल मात्र फाडत नाही. पटल त्याच्या प्रत्येक फांदीभोवती वेढा घालते, आणि त्या वेढ्यातूनच देवघेव होते. भातात या पटलावर स्फुरद आत ओढणारे एक खास प्रथिन असते, ओएसपीटी-११. त्याचे जनुक मुळात ही बुरशी आली की जागे होते, हे उटा पाश्कोव्हस्की आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले. पुढे कुंड्यांतल्या प्रयोगांत असे दिसले की भाताने घेतलेल्या एकूण स्फुरदापैकी निम्म्याहून अधिक या वाटेने येऊ शकतो. म्हणजे बुरशीबरोबर जगणारा भात आपली स्वतःची शोषणाची वाट काही अंशी सोडून देतो आणि बुरशीच्या वाटेवर विसंबतो. आणि एवढा सगळा खटाटोप ज्या अर्बस्क्युलसाठी, त्याचे भातातले आयुष्य अवघे दोन-तीन दिवसांचे! तो विरतो, शेजारच्या पेशीत नवा उभा राहतो.

मोबदला म्हणून बुरशीला साखर मिळते, हे जुने ज्ञान. २०१७ मध्ये एकाहून अधिक प्रयोगशाळांनी दाखवले की तिला स्निग्धाम्लेही वनस्पतीकडूनच मिळतात, कारण ती स्वतः ती तयार करू शकत नाही. जिवंत मुळावाचून ही बुरशी वाढत नाही, रायझोबियमसारखी टाकीत वाढवता येत नाही, याच्या मुळाशी हे परावलंबन आहे. नव्या वाचकाने हे एक वाक्य मनात पक्के करावे. पुढे शेतातले, बाजारातले आणि फेरपालटातले जवळजवळ सगळे प्रश्न इथूनच फुटतात. शेतात जिवंत मूळ नसेल त्या काळात ही बुरशी साठवणीवर जगते, आणि साठवण कधीतरी संपते.

इतिहास थोडक्यात. प्रशियाच्या सरकारला ट्रफल नावाच्या खाद्य कवकाची लागवड करायची होती. त्या कामावर नेमलेल्या ए. बी. फ्रँक यांना झाडांची मुळे आणि बुरशी यांचे एकजीव झालेले अवयव दिसले आणि १८८५ मध्ये त्यांनी मायकोरायझा हा शब्द घडवला. त्यांची बुरशी जंगली झाडांची होती, आपली वेगळी. पण शब्द टिकला. आपल्या बुरशीवर १९३९ मध्ये एक महत्त्वाचा आढावा लिहिला तो ई. जे. बटलर यांनी. हे बटलर म्हणजे बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत वर्षानुवर्षे काम केलेले, भारतातल्या वनस्पतिरोगशास्त्राचा पाया घालणारे गृहस्थ. तरीही ही बुरशी पिकाच्या वाढीला खरोखर उपयोगी आहे हे प्रयोगाने पटायला १९५०चे दशक उजाडले. इंग्लंडमध्ये बार्बरा मॉस यांनी स्ट्रॉबेरी आणि सफरचंदाच्या मुळांवर ते काम केले. या बुरशीची फनेलिफॉर्मिस मॉसी ही जाती त्यांच्या नावाची. भारतात बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात डी. जे. बागियाराज यांनी या विषयाची एक पिढी घडवली, आणि गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने गोव्याच्या मातीतल्या या बुरशींचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. बुरशी स्वतः मात्र या सगळ्यांहून पुरातन. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या खडकात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती जशाच्या तशा गोठल्या आहेत. त्या वनस्पतींना धड मुळेही नव्हती, पण त्यांच्या पेशींत अर्बस्क्युल आहेत. १९९४ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

गेल्या वीस वर्षांत विषयाने खरी उडी मारली ती वनस्पती आणि बुरशी एकमेकांना कसे हेरतात या प्रश्नात. स्फुरदाची टंचाई जाणवली की भाताची मुळे स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्ये मातीत सोडतात. त्यांच्या सुगाव्याने बुरशीचा तंतू मुळाजवळ भराभर फांद्या फोडतो, हे जपानच्या अकियामा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सिद्ध केले. गंमत अशी की ही द्रव्ये त्याआधी कितीतरी वर्षे एका शत्रूमुळे माहीत होती. ज्वारीत येणारा टारफुला याच इशाऱ्यावर उगवतो. आफ्रिकेतल्या कोरडवाहू भातालाही त्याच्या भाऊबंदांनी जेरीस आणले आहे. पिकाने मदतीसाठी घातलेली साद चोरानेही ऐकावी, असा हा प्रकार. २००८ मध्ये आणखी एक पदर उलगडला : हीच द्रव्ये वनस्पतीच्या आत फुटवे रोखणारे संप्रेरक म्हणून काम करतात. म्हणजे उपाशी भात एकीकडे फुटवे आवरतो आणि त्याच द्रव्याने दुसरीकडे बुरशीला बोलावतो. काटकसर आणि कर्जाची सोय, दोन्ही एकाच सहीने. उलट स्फुरद भरपूर असेल तर भात ही हाक देणे कमी करतो, आणि आत आलेल्या बुरशीलाही फारसा वाव देत नाही. पेरणीबरोबर स्फुरदाची पोती ओतून वर मायकोरायझाचा पुडा टाकणाऱ्याचे पैसे कुठे जातात, ते यावरून कळावे.

आता मूळ हिशेबाकडे. भाताला स्फुरदाची निकड सर्वांत जास्त असते ती सुरुवातीच्या आठवड्यांत, मुळे आणि फुटवे उभे राहताना. नव्वद दिवसांच्या जातीत महिना-सव्वा महिना उलटला की लोंबीची तयारी सुरू होते. बुरशीला बीजाणूतून उगवून, मूळ गाठून, आत पसरून आणि मग बाहेर मातीत जाळे विणून कामाला लागायला काही आठवडे लागतात. पेरणीच्या दिवशी मातीत तिची बीजे भरपूर असतील तर ती वेळेवर पोहोचते. तुरळक असतील तर पोहोचते तेव्हा भाताची गरज सरलेली असते. पाच-सहा महिन्यांच्या पिकाला हा उशीर परवडतो, गोडा किंवा वंदनाला नाही. म्हणून माझा ठाम समज असा आहे की टांडाच्या भातात बुरशीचा उपयोग होणार की नाही, हे पेरणीच्या दिवशी ठरलेले असते. आणि ते ठरवतात आधीचे आठ-नऊ महिने.

हा विचार भारतात सर्वांत चिकाटीने तपासला गेला तो कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या हजारीबाग इथल्या कोरडवाहू भाताच्या केंद्रावर. दीपंकर मैती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरून बुरशी आणून टाकण्याऐवजी प्रश्न उलटा विचारला : मातीत जी आहे ती जगते कशाने आणि मरते कशाने? त्यांनी उन्हाळी नांगरटीचे वेळापत्रक तपासले, आंतरपिके तपासली, फेरपालट तपासली. २०११ मध्ये ‘मायकोरायझा’ याच नावाच्या शोधनियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधातली पद्धत अशी : पहिल्या वर्षी मका, मक्यापाठोपाठ त्याच रानात कुळीथ, आणि दुसऱ्या वर्षी भात, त्याला माती-मुळांपासून तयार केलेल्या संवर्धकाची जोड. प्रचलित पद्धतींच्या तुलनेत वंदना जातीचे उत्पादन सुमारे २६ ते ३४ टक्क्यांनी आणि स्फुरदाचे शोषण ११ ते २४ टक्क्यांनी वाढले. मक्याचे मूळ या बुरशीला फार मानवते. कुळीथ पावसाळ्यानंतरच्या ओलीवर वाढतो आणि जिवंत मुळांचा काळ लांबवतो. हे संवर्धक म्हणजेही काही गूढ वस्तू नव्हे. उन्हात प्लॅस्टिकखाली तापवून रोगजंतू कमी केलेल्या मातीच्या वाफ्यात स्थानिक बुरशी सोडायची, मका किंवा ज्वारीसारखे पीक तीन-एक महिने वाढवायचे, मग पाणी तोडून वरचा पाला कापायचा आणि मुळ्या बारीक करून त्याच मातीत मिसळायच्या. पेरताना ते बियाखाली ओळीत जाते. ज्याला शेणखत करता येते त्याला हे करता येईल.

नांगरटीचा मुद्दा जास्त नाजूक आहे. उन्हाळी नांगरट ही आपल्याकडेही पुण्याची गोष्ट मानली जाते : तणे उन्हात मरतात, किडींचे कोष उघडे पडतात, पहिला पाऊस मुरतो. हे सगळे खरे. पण प्रत्येक फाळाबरोबर मातीतले बुरशीचे जाळे तुटते, आणि लागोपाठच्या नांगरटींत ते सावरायला सवड मिळत नाही. हजारीबागच्या कामातून निघालेली सूचना समजूतदार आहे. नांगरट सोडा असे ती म्हणत नाही. दोन नांगरटींमध्ये सुमारे तीन महिन्यांचे अंतर ठेवा, म्हणते. अशा सूचनेला ना पुडा लागतो ना अनुदान, म्हणूनच बहुधा तिची जाहिरात कोणी करत नाही.

मका-कुळथाच्या फेरपालटीत मात्र एक अडचण आहे आणि ती शेतीशास्त्राची नाही. टांडाचा भात हा अनेक घरांत वर्षातला पहिला भात असतो. खाचरातला भात यायला अजून दीड-दोन महिने असतात आणि कणग्या रिकाम्या झालेल्या असतात, तेव्हा तो येतो. ज्याच्याकडे टांडाचा एकच तुकडा आहे त्याला ‘एक वर्ष मका घे’ असे सांगणे म्हणजे त्या सप्टेंबरचा भात सोड असे सांगणे. तुकडा दोन भागांत वाटून आलटून पालटून पिके घेता येतात, भातात तुरीच्या ओळी घालता येतात. तूर हिवाळाभर उभी राहते आणि बुरशीला मूळ मिळते. मोहरीचा मात्र इथे उपयोग नाही. मोहरी, कोबी, पालक या कुळांतली पिके ही बुरशी मुळात घेतच नाहीत, त्यांचे रान बुरशीच्या दृष्टीने जवळपास पड. कोणतीही शिफारस करताना त्या घरात सप्टेंबरमध्ये काय शिजणार हे विचारले पाहिजे. या क्षेत्रातले शोधनिबंध हा प्रश्न क्वचित विचारतात.

पडीने बुरशी खंगते याचा सर्वांत बोलका पुरावा भाताचा नाही, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा आहे. तिथले शेतकरी पाऊस जमिनीत साठवण्यासाठी वर्षाहूनही अधिक काळ रान पड ठेवत. ओल भरपूर, नत्रही साठलेला, तरी पुढचे सूर्यफूल किंवा जवस खुरटे राही. रोग सापडेना. जे. पी. थॉम्पसन यांनी १९८७ मध्ये दाखवले की मधल्या काळात मुळे नसल्याने बुरशी घटलेली होती आणि पीक भरल्या रानात स्फुरद आणि जस्तासाठी उपाशी होते.

असे असूनही या क्षेत्रात सगळे एका सुरात बोलत नाहीत, आणि ते चांगलेच आहे. २०१८ मध्ये मेगन रायन आणि जेम्स ग्रॅहम यांनी ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये रोखठोक लिहिले की शेतकऱ्याने या बुरशीचा विचार करून आपली पद्धत बदलावी असा पुरावा फारसा नाही. पुढच्याच वर्षी मथियास रिलिग आणि इतरांनी त्याच नियतकालिकात त्याला उत्तर दिले. दोन्ही लेख नव्या अभ्यासकाने शेजारी ठेवून वाचावेत. माझा कौल विचाराल तर, रायन-ग्रॅहम यांचा भर भरपूर खत घातलेल्या गव्हासारख्या पिकांवर आहे आणि तिथे त्यांचे म्हणणे मला पटते. हेक्टरी जेमतेम टन-दीड टन पिकणारे, स्फुरद जखडून ठेवणारे, खत विकत घेण्याची ऐपत नसलेले टांड हे त्यांचे शेत नव्हे. मात्र त्यांनी मागितलेल्या पुराव्याची पातळी टांडालाही लागू केली पाहिजे : कुंडीतला नव्हे, शेतातला प्रयोग, एका हंगामाचा नव्हे, अनेक हंगामांचा, आणि नुसती मुळांतली टक्केवारी नव्हे, दाणा. मुळांत बुरशी वाढली म्हणजे पोत्यात भात वाढला असे होत नाही. स्फुरद पुरेसा असेल तिथे बुरशी पिकाचे कर्बयुक्त अन्न खाऊन परत फारसे काही देत नाही, आणि तेव्हा ती भागीदार कमी आणि भाडेकरू जास्त असते.

बाजाराबद्दल दोन शब्द. खत नियंत्रण आदेशात मायकोरायझाला जागा आहे, त्याचे निकष आहेत, आणि चांगले उत्पादन करणारे लोकही आहेत. दिल्लीच्या टेरी संस्थेने मुळांच्या ऊतीसंवर्धनावर ही बुरशी वाढवण्याचे तंत्र भारतात रुजवले. तरीही जिवंत मुळाशिवाय न वाढणारी ही वस्तू दुकानाच्या पत्र्याखाली एप्रिल-मे काढते, तेव्हा पुड्यातले किती जिवंत उरले हे विचारायला हवे. घेणाऱ्याने तारीख पाहावी, सावलीत ठेवावे आणि शेताचा एक पट्टा न टाकता सोडावा. बियाण्याला बुरशीनाशक लावले असेल तर त्याची नोंद ठेवावी. शेतातल्या प्रयोगांत ही बुरशी मुद्दाम दाबायची असते तेव्हा संशोधक बेनोमिल वापरत आले आहेत, आणि आपल्याकडे बीजप्रक्रियेत सर्रास वापरले जाणारे कार्बेन्डाझिम हे बेनोमिलचेच क्रियाशील रूप. करपा सोसा आणि बुरशी वाचवा, असे मी म्हणणार नाही. पण प्रयोगाच्या नोंदीत हा रकाना कोरा असेल तर त्या प्रयोगावर विसंबू नये.

वाचनात नावांचा गोंधळ उडेल, त्याची आधीच कल्पना देतो. २०१०च्या सुमारास या बुरशींची मोठी नामांतरे झाली. जुन्या निबंधातली ग्लोमस मॉसी हीच आजची फनेलिफॉर्मिस मॉसी. प्रयोगशाळांची लाडकी रायझोफॅगस इरेग्युलॅरिस ही पूर्वी ग्लोमस इंट्रारॅडिसिस म्हणून लिहिली जाई. बाटल्यांच्या लेबलांवर अजूनही जुनीच नावे असतात.

महाराष्ट्र-गोव्यात करण्यासारखे काम पुष्कळ आहे. लावणीच्या खाचरात, पाण्याखाली, ही बुरशी कमी असते. तिथे तिच्याकडून फार अपेक्षा धरू नये. पण धूळवाफेचे रान पहिले काही आठवडे कोरडवाहूच असते, आणि नेमके तेच आठवडे भाताच्या स्फुरदाचे. शिराळ्याच्या रानात भातानंतर काहीच नसते तिथे आणि हरभरा किंवा कुळीथ असतो तिथे, पुढच्या भाताच्या मुळांत काय फरक पडतो? राब भाजताना वरची दोन-तीन बोटे माती तापते. त्या वाफ्यातल्या रोपांत बुरशी किती? नाचणीनंतरच्या वरकसावर भात पेरला तर? हे प्रश्न पीएचडीचे नाहीत. कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना एका खरिपात हाताळता येतील असे आहेत.

त्यासाठी महागडे रंगही नकोत. ट्रायपॅन ब्ल्यू हा जुना रंग आरोग्याला घातक मानतात. व्हिएरहायलिग आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेली कृती साध्या शाईची आहे. मुळे धुऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये काही मिनिटे उकळावीत. हे द्रावण हात आणि डोळे जाळते, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. मग मुळे पाण्यातून नीट काढून व्हिनेगरमध्ये ५ टक्के शाई घालून तीन मिनिटे उकळावीत आणि व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाकलेल्या पाण्यात वीसएक मिनिटे ठेवावीत. प्रत्येक शाई सारखी चढत नाही, दोन-तीन करून पाहाव्या लागतात. महाविद्यालयातला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो.

येत्या खरिपात पेरणीनंतर सहाव्या आठवड्यात भाताची चार रोपे हलक्या हाताने खणून काढा, जाडसर उपमुळे निवडा, रंगवा आणि पाहा. आधीच्या वर्षी त्या रानात काय होते, नांगर किती वेळा आणि कधी फिरला, स्फुरद किती घातला, बियाण्याला काय लावले, हे चार रकाने त्याच कागदावर भरा. असे शंभर कागद शिराळा, शाहूवाडी, रत्नागिरी, गोंदिया आणि परभणीहून जमले, तर या विषयावरचे पुढचे पुस्तक आपल्या मातीतल्या आकड्यांवर लिहिता येईल.